घरगुती दप्तर आणि संगणकाची शोध-चौकट

सध्यांच्या सुशिक्षित कुटुंबांत जीं वाक्यें दिवसांतून अनेकदां कानांवर पडतात, त्यांत ‘केली होती, पण सांपडत नाहीं’ हें एक आहे. यांतील कर्म अध्याहृत असतें, आणि तें बहुधा ‘फाइल’ हें असतें. विजेचें बिल, मुलाच्या मुंजीची पत्रिका, आजोबांच्या डोळ्यांच्या शस्त्रक्रियेचे कागद, घराचें खरेदीखत, हें सर्व आतां संगणकाच्या पोटांत गेलें आहे. पूर्वीं तें लोखंडी ट्रंकेंत, फडताळांत किंवा देवघराच्या वरच्या फळीवर असे; आणि कोणता कागद कोठें आहे हें घरांतील एका तरी वडील माणसास तोंडपाठ असे. आजीला विचारावें, तिनें जपाची माळ न थांबवितां ‘मधल्या पेटींत, हिरव्या रुमालाखालीं’ असें सांगावें, आणि कागद खरोखरच तेथें निघावा, हा अनुभव चाळिशीपलीकडील पुष्कळ वाचकांस असेल. त्या व्यवस्थेंत वैगुण्य एकच होतें: आजी गेली कीं तिच्याबरोबर घराची सूचीही जात असे.

संगणकानें ही सूची माणसाच्या डोक्यांतून काढून यंत्राच्या स्वाधीन केली, अशी आपली समजूत आहे. ती निम्मी खरी आहे. उरलेल्या निम्म्यापायीं एकत्र कुटुंबांत काय काय होऊं शकतें, तें आम्हांस येथें सांगावयाचें आहे.

संगणकांतील कागदांचे कप्पे पाहण्याची जी खिडकी आहे, तिच्या उजव्या अंगास वरच्या कोपऱ्यांत एक लहानशी चौकट असते व तिच्यांत भिंगाचें चित्र असतें. हीच शोध-चौकट. विंडोजच्या १९९५ सालच्या आवृत्तींत ही सोय आरंभींच्या यादींत ‘फाइंड’ या नांवानें होती. २००१ सालच्या एक्सपी आवृत्तींत तर रोव्हर नांवाचा एक चित्रांतला कुत्रा पडद्याच्या कडेला येऊन बसे. मुलांना तो फार आवडे. मोठ्या माणसांना त्याचा राग येई, कारण शोधाचें कामही बहुधा त्याच्याच जातीच्या पद्धतीनें चाले. प्रत्येक कप्प्याशीं जावयाचें, एकेक कागद हुंगावयाचा, आणि पुढें सरकावयाचें. तोंवर चहा होऊन जाई. २००५ सालीं ॲपलच्या यंत्रांत ‘स्पॉटलाइट’ आला आणि २००७ सालीं विंडोजच्या व्हिस्टा आवृत्तीबरोबर आधींच तयार केलेल्या सूचीवर चालणारा शोध घरोघर पोंचला.

सूचीचें महत्त्व नागपूरकरांस निराळें सांगण्याची आवश्यकता नसावी. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांनीं महाराष्ट्रीय ज्ञानकोशाच्या मंडळाची उभारणी १९१६ सालीं याच शहरीं केली. पुढें तें काम पुण्यास गेलें व तेवीस खंडांत पुरें झालें. आणि त्या तेवीस खंडांपैकीं एक संबंध खंड निव्वळ सूचीचा आहे. तो ज्यानें चाळला असेल, त्यास संगणकाची युक्ति लगेच कळेल. यंत्र रिकामें असतां आपल्या फाइली वाचून ठेवतें आणि कोणता शब्द कोणत्या फाइलींत आला याची एक वही मनांत लिहीत जातें. आपण चौकटींत शब्द घातला म्हणजे तें फाइली उघडीत नाहीं, वहीच उघडतें. म्हणून उत्तर क्षणांत येतें.

मात्र ग्रंथाच्या सूचीकारानें सबंध ग्रंथ वाचावा अशी अपेक्षा असते. विंडोजचा सूचीकार तसा नाहीं. त्यास कोणी निराळें सांगितलें नसेल तर तो त्या त्या माणसाचे ठराविक कप्पे, म्हणजे कागदांचा, चित्रांचा, मेजावरचा असे कांहीं, तेवढेच वाचतो. दुसऱ्या तबकडीवर, किंवा काकांनीं पुण्याहून आणलेल्या पेनड्राइव्हवर जें असेल, तें त्याच्या वहींत नसतें. तेथें शोध घेतला तर यंत्र पुनः त्या कुत्र्याच्या चालीनें निघतें, आणि तेंही फाइलींचीं केवळ नांवें पाहतें. आंतील मजकूर वाचीत नाहीं. तो वाचावा अशी इच्छा असल्यास तसा पर्याय कप्प्यांच्या नियमांत निवडावा लागतो. दुसरें असें कीं, शोध हा आपण ज्या कप्प्यांत उभे असूं तेथून खालीं जातो, वर किंवा शेजारीं जात नाहीं. ‘डाउनलोड्स’ या कप्प्यांत उभें राहून जो ‘डॉक्युमेंट्स’मधील मृत्युपत्र शोधील, त्यास यंत्र अगदीं नम्रपणें ‘कांहीं आढळलें नाहीं’ असें सांगेल. आणि त्याचें म्हणणें त्याच्यापुरतें खरेंही असेल. तेव्हां आधीं ‘धिस पीसी’ या सर्वांत वरच्या पायरीवर जावें व तेथून शोधावें. वेळ लागेल, पण सारें घर धुंडाळलें जाईल.

आणखी एक गोष्ट आमच्या मतें सर्वांत महत्त्वाची असून सर्वांत कमी लोकांस ठाऊक असते. जुना कागद स्कॅन केला म्हणजे त्याचें छायाचित्र होतें. माणसाला त्यांत अक्षरें दिसतात. यंत्राला कांहीं काळे ठिपके दिसतात. त्या चित्रावर अक्षर-ओळख करणारी आज्ञावली चालविली नसेल, तर आंतील एकही शब्द सूचींत जात नाहीं. छापील मराठी ओळखणाऱ्या आज्ञावल्या आतां फुकटही मिळतात व बरें काम करतात. परंतु वडिलांच्या घाईच्या हस्ताक्षरापुढें त्या बहुधा हात टेकतात. अशा कागदाच्या बाबतींत यंत्राला कळण्यासारखें एकच उरतें, तें म्हणजे आपण फाइलीस दिलेलें नांव.

आणि नांव म्हटलें कीं मराठी माणसाच्या अडचणीस आरंभ होतो. याचें उदाहरण दूर शोधावयास नको, सीताबर्डीचेंच घ्यावें. येथल्या पाट्या वाचीत मुख्य रस्त्यानें एक फेरी मारली तर एखादी ‘सीताबर्डी’, एखादी ‘सिताबर्डी’, क्वचित् ‘सीताबल्डी’ अशी भेटते. आणि नागपूरकर तोंडानें नुसतें ‘बर्डी’ म्हणून मोकळा होतो. इंग्रजींत तर विचारूंच नये. नोव्हेंबर १८१७ मध्यें आप्पासाहेब भोसल्यांच्या फौजेची व इंग्रजांची या टेकडीवर जी लढाई झाली, तिच्याबद्दल पुढें १८५१ सालीं मंजूर झालेल्या ‘आर्मी ऑफ इंडिया’ पदकाच्या पट्टीवर हें नांव दोनदां दुहेरी ‘ई’ घालून, ‘सीटाबुल्डी’ असें वाचतां येईल अशा रीतीनें कोरलेलें आहे. मेट्रोच्या दोन मार्गांच्या भेटीचें जें स्थानक येथें झालें, त्याच्या इंग्रजी नांवांत त्या दुहेरी ‘ई’ नाहींत. शीतलाप्रसाद व बद्रीप्रसाद नांवाच्या दोन गवळी बंधूंवरून हें नांव पडलें अशीही एक आख्यायिका सांगतात. ती खरी मानली तर मूळ नांवांत सीता नाहींच, आणि पहिली वेलांटी ऱ्हस्व कीं दीर्घ हा वादच निकालांत निघतो! वाचणाऱ्या माणसाचें यांत कांहींच अडत नाहीं. यंत्राचें सर्वस्वीं अडतें. त्याच्या लेखीं ऱ्हस्व वेलांटीचा आंकडा एक व दीर्घ वेलांटीचा आंकडा दुसरा. ‘सीता’ व ‘सिता’ हे त्यास ‘राम’ आणि ‘रवि’ यांइतकेच निराळे शब्द आहेत.

आमच्या परिचयाचें एक कुटुंब आहे. सीताबर्डीच्या एका गल्लींत त्यांचें जुनें घर आहे. तिघे बंधु: थोरले नागपुरास, मधले पुण्यास, धाकटे अमेरिकेंत. वडील वारल्यावर धाकट्या बंधूंच्या मुलानें सुटींत येऊन घरचे सगळे कागद मोठ्या हौसेनें स्कॅन केले व एका तबकडीवर भरून तिन्ही घरीं एकेक प्रत दिली. मूळ कागद थोरल्यांच्या कपाटांत राहिले. पुढें घराच्या दुरुस्तीचा प्रश्न निघाला व वडिलांच्या वेळची आखीव पत्रिका आणि एक जुनें वांटणीपत्र यांची जरूर पडली. मधल्या बंधूंनीं पुण्यास आपल्या संगणकावर ‘आखीव पत्रिका’ असा शब्द घातला, कांहीं नाहीं. ‘वाटणीपत्र’ घातला, कांहीं नाहीं. ‘सीताबर्डी’ घातला, तरी कांहीं नाहीं. त्यांनीं दूरध्वनि करून थोरल्यांस विचारलें. थोरल्यांनीं आपल्या यंत्रावर तेंच केलें, त्यांनाही तेंच उत्तर मिळालें, आणि कपाटांतील गठ्ठ्यांतही तो कागद हातास लागेना.

येथून पुढें जें झालें तें संगणकाविषयीं नव्हतें. मधल्यांच्या घरीं कोणीतरी म्हणालें, ‘सगळे कागद दिले म्हणाले होते ना?’ थोरल्यांच्या घरीं कोणीतरी म्हणालें, ‘इतकीं वर्षें घर आम्हीं सांभाळलें, त्याचें हें फळ.’ सांपडत नाहीं याचा अर्थ हरवला असा झाला, आणि हरवला याचा अर्थ दडवला असा होण्यास पंधरा दिवस लागले. दिवाळीला मधलें कुटुंब नागपुरास आलें नाहीं.

फाइल तिन्ही घरीं होती. अमेरिकेंत वाढलेल्या त्या मुलानें आपल्या कानास ऐकूं आलें तसें, ‘सिताबर्डी घर जुने पेपर’ असें नांव तिला दिलें होतें, व आखीव पत्रिका आणि वांटणीपत्र हीं दोन्हीं त्याच एका फाइलींत चौथ्या व सातव्या पानावर चित्ररूपानें बसलीं होतीं. थोरल्यांची महाविद्यालयांत जाणारी मुलगी एके रात्रीं सहज बसली आणि तिनें शोध-चौकटींत सबंध शब्दाऐवजीं ‘स’, मग प्रश्नचिन्ह, मग ‘ताबर्डी’ एवढें लिहिलें. प्रश्नचिन्ह म्हणजे ‘येथें कोणतेंही एक चिन्ह चालेल’ अशी यंत्रास सवलत. आमच्या लिपींत वेलांटी हें यंत्राच्या दृष्टीनें स्वतंत्र चिन्ह असल्यामुळें त्या एका जागेंत ऱ्हस्व आणि दीर्घ दोन्ही मावतात. फाइल लगेच वर आली. तिनें ती दोन्ही काकांस रातोरात पाठविली. दिवाळी मात्र होऊन गेली होती.

प्रश्नचिन्हाचें हें मोठें भावंड म्हणजे तारका. ती ‘येथें कितीही चिन्हें चालतील’ असें सांगते. विंडोजची सूची बहुतांशीं शब्दाच्या आरंभापासून जुळणी पाहते, त्यामुळें नुसतें ‘बर्डी’ लिहिल्यास ‘सीताबर्डी’ हुकण्याचा संभव असतो. आधीं तारका घालून ‘*बर्डी’ असें लिहिलें कीं सीता, सिता, कोणीही पुढें असो, सांपडतें. शब्दाचा जो भाग सर्वजण एकसारखा लिहितात तेवढाच घ्यावा आणि भांडणाची जागा तारकेवर सोडून द्यावी. वरील कुटुंबानें ‘पत्र’ एवढ्यावर तारका घालून पाहिलें असतें तरी निष्पन्न कांहीं झालें नसतें, कारण त्या मुलानें नांवांत ‘पत्र’ हा शब्दच घातला नव्हता. तारका नांवांतल्या चुका सोसते, नांवाचा अभाव सोसत नाहीं.

वेलांट्यांहून मोठा घोंटाळा अनुस्वारांचा आहे. १९६२ सालीं मराठीच्या लेखनाचे नवे नियम मान्य झाले व ज्यांचा उच्चार होत नाहीं ते अनुस्वार गेले. त्यापूर्वींच्या वळणानें लिहिणारीं माणसें व त्यानंतर शाळेंत गेलेलीं माणसें एकाच घरांत, एकाच संगणकावर बसतात. आजोबा ‘नांवें’ लिहितात, नातू ‘नावे’ शोधतो. आजोबांनीं ‘वंशावळींतील नांवें’ म्हणून केलेली टिपणवही नातवाला मिळत नाहीं, आणि नातवाची ‘गावाकडचे फोटो’ ही फाइल आजोबांना मिळत नाहीं, कारण ते ‘गांवाकडचे’ असें शुद्ध लिहितात. हा लेखसुद्धां आम्ही जुन्या वळणानें लिहीत आहों. ‘काही’ हा शब्द घालून जो तो धुंडाळील, त्यास आमच्या ‘कांहीं’चा पत्ता यंत्र देणार नाहीं.

येथपर्यंत निदान फरक डोळ्यांना दिसतो. कित्येक ठिकाणीं तो दिसतही नाहीं. ‘कऱ्हाडे’ हें नांव घ्या. यांतील अर्धा ‘र’ कळफलकावरून दोन रीतींनीं उमटवितां येतो. पडद्यावर दोन्ही अगदीं जुळे भाऊ, पण यंत्राच्या पोटांत दोन निरनिराळ्या अंकमाला. तीच गोष्ट ‘ॲडव्होकेट’मधील पहिल्या अक्षराची. तें एकसंध अक्षर म्हणूनही लिहितां येतें, आणि ‘अ’ वर अर्धचंद्र ठेवूनही. एका रीतीनें लिहिलेलें दुसऱ्या रीतीनें शोधलें तर मिळेलच, अशी खात्री देतां येत नाहीं. ज्यांच्या आडनांवांत किंवा व्यवसायांत हीं अक्षरें आहेत त्यांनीं फाइलींना नांव देतांना हा भाग टाळून दुसरा एखादा शब्द जोडावा, इतकेंच आम्ही सुचवूं.

पंचवीस-तीस वर्षांमागें ज्यांनीं घरीं मराठी टंकलेखन करून घेतलें, त्यांची आणखी निराळी कथा आहे. त्या काळच्या पुष्कळ टंकांत मराठी हा केवळ वेष होता. कृतिदेव टंकांतील ‘क’ पडद्यावर ‘क’ दिसतो, पण आंत तो रोमन ‘डी’ असतो. यंत्रास त्या फाइलींत अर्थहीन इंग्रजी अक्षरांची रांग तेवढी दिसते. युनिकोड या जागतिक अंकव्यवस्थेंत देवनागरीला १९९१ पासून स्वतःची जागा आहे. परंतु घरोघरीं तिचा वापर रुळण्यास बराच काळ जावा लागला. मधल्या काळांत लिहिलेलीं आत्मचरित्रें, स्मरणिका, आजीच्या पाककृति या सर्व फाइली रूपांतर करून घेतल्याखेरीज शोधाला मुक्या आहेत. रूपांतर करणाऱ्या आज्ञावल्या आहेत. सुटींत एखाद्या भाच्यानें एक दुपार खर्चिली तर तें काम होण्याजोगें आहे.

मग नांव द्यावें तरी कसें? आमची पद्धत साधी आहे. आरंभीं सालाचे चार आंकडे, मग महिना, मग कागदाचा प्रकार, मग व्यक्ति किंवा जागा. साल प्रथम असलें म्हणजे यादी आपोआप कालक्रमानें लागते. आणि ज्या शब्दाच्या लेखनाविषयीं घरांत दोन मतें आहेत, त्याचीं दोन्ही रूपें नांवांत खुशाल घालावीं. ‘आखीव पत्रिका सीताबर्डी सिताबर्डी’ हें नांव वैयाकरणास रुचणार नाहीं, परंतु तें वैयाकरणासाठीं नाहींच. पुण्याच्या काकूंना व अमेरिकेंतील पुतण्याला तें सांपडावें यासाठीं तें आहे. ‘स्कॅन ०००१’ हें नांव मात्र कोणासाठींच नसतें. व्हॉट्सॲपवरून आलेलीं छायाचित्रें यंत्रानें दिलेलीं आंकडेवजा नांवें घेऊन येतात व मूळ छायाचित्र केव्हां घेतलें ती नोंदही बहुधा गमावून येतात. म्हणून लग्नाचीं छायाचित्रें तारखेवरून शोधूं गेल्यास तीं पाठविल्याची तारीख मिळते, लग्नाची नव्हे. हल्लींच्या दूरध्वनियंत्रांत चेहऱ्यावरूनही छायाचित्र शोधतां येतें हें खरें. पण त्या चेहऱ्याची व्यक्ति आपली कोण लागते, हें यंत्राला कोणीतरी सांगावेंच लागतें.

आतां एक नाजूक विषय. दिवाणखान्यांतील एकाच संगणकावर सर्व घर एकाच नांवानें काम करीत असेल, तर शोध-चौकट ही फार बोलकी वस्तु आहे. सासऱ्यांनीं ‘औषध’ शब्द घातला तर त्यांच्या मधुमेहाच्या यादीबरोबर सुनेनें मैत्रिणीस लिहिलेलें, तिच्या दुखण्याविषयींचें पत्रही वर येतें. शिवाय चौकटीवर टिचकी मारली कीं पूर्वीं कोणीं काय शोधलें त्याचीही यादी ती दाखविते. एकत्र कुटुंबांत तिजोरी एक असली तरी प्रत्येक सुनेची पेटी निराळी असे, तिला कुलूप असे, आणि तें कुलूप उघडण्याचें सासूबाईंच्याही मनांत येत नसे. विंडोजमध्यें प्रत्येक माणसाचें स्वतंत्र खातें उघडण्याची सोय त्यासाठींच आहे. एका साध्या खात्यांतून शोध घेतला तर दुसऱ्या खात्यांतील खासगी फाइली निघत नाहींत. मात्र व्यवस्थापकाचा अधिकार ज्याच्या खात्यास असेल, त्यास तें दार उघडतां येतें. तेव्हां तो अधिकार कोणाकडे असावा हें घरांत बोलून ठरवावें. मागील शोधांची यादी पुसण्याचें बटण कप्प्यांच्या नियमांतच, ‘प्रायव्हसी’ या सदराखालीं आहे. आमच्या मतें स्वतंत्र खातीं न उघडतां घरच्या सर्व फाइली एकत्र भरणें, हें घरांतील स्त्रियांवर अन्यायाचें आहे. त्यांचीच पेटी यांत प्रथम उघडी पडते.

कित्येक जुन्या घरीं एक गठ्ठा असा असतो कीं, ज्याला संगणकाचा कोणताच शोध अद्याप पोंचत नाहीं. तो मोडींतील कागदांचा. युनिकोडमध्यें मोडी लिपीला २०१४ सालीं जागा मिळाली. परंतु पणजोबांच्या हातची मोडी यंत्राकडून वाचवून घेऊन तिची सूची करविणें ही घरगुती सोय अजून झालेली नाहीं. ती वाचणारें एखादें माणूस ओळखींत असेल, किंवा पुराभिलेख विभागातर्फें जे मोडीचे वर्ग भरतात त्यांत शिकलेलें कोणी असेल, तर त्यास घरीं बोलवावें. सबंध लिप्यंतराचा आग्रह धरूं नये. प्रत्येक कागदाचें साल, कोणीं कोणास लिहिला, व कशाविषयीं, एवढें त्यानें सांगावें, आणि शेजारीं बसलेल्या नातीनें तेंच त्या त्या चित्राचें नांव म्हणून तेथल्या तेथें टंकावें. चाळीस कागदांना एक रविवार पुरतो.